ब्लॅकस्टोन नदीकाठची रूबेची कबुतरं

फ्रान्सच्या अगदी उत्तरेला, बेल्जियमच्या सीमेला टेकून रूबे आणि तूर्क्वँ ही दोन गिरणगावं आहेत. मी ती पाहिलेली नाहीत. १९८४च्या जूनमध्ये अमेरिकेत पाच दिवस राहून पाहिली ती त्या गावांची एक फांदी. ऱ्होड आयलंड हे अमेरिकेतलं सर्वांत छोटं राज्य. त्याच्या उत्तर टोकाला ब्लॅकस्टोन नदीच्या वळणावर वूनसॉकेट नावाचं शहर आहे, आणि तिथल्या लोकरीच्या गिरण्या या शतकाच्या सुरुवातीला रूबे-तूर्क्वँच्या मालकांनी उभारल्या.

तिथं जायचं कारण घरचं होतं. सोलापुरातले माझे दिवंगत मित्र कांबळे यांचा मुलगा मिलिंद शेजारच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात एका कॉम्प्युटर कंपनीत इंजिनिअर आहे. तिकडे घरं महाग म्हणून त्यानं वूनसॉकेटमध्ये घर घेतलं. त्याची आई, यमुनावहिनी, सहा महिन्यांसाठी त्याच्याकडे आल्या होत्या. सोलापूरच्या गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात त्यांची छत्तीस वर्षं गेली. मी वर्तमानपत्रासाठी गिरण्यांवर लिहितो हे ठाऊक असल्यानं त्यांनीच पत्रातून कळवलं होतं, ‘इथंही गिरण्या बंद पडल्यात. येऊन बघून जा.’

बुधवार

प्रॉव्हिडन्सहून मिलिंदच्या गाडीतून आलो. शहर टेकड्यांवर चढत गेलेलं आहे. तीन मजली लाकडी घरं, प्रत्येक मजल्याला मागं व्हरांडा, व्हरांड्यातून कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. खाली नदी आणि नदीकाठी विटांच्या गिरण्या. चारशे पावलं लांबीची एक गिरणी मी चालून मोजली. तिच्या तळमजल्यावर स्वेटर आणि पडदे स्वस्तात विकणारं दुकान होतं. वरच्या तीन मजल्यांच्या खिडक्यांना फळ्या ठोकल्या होत्या.

“वीकएंडला इथं पार्किंग मिळत नाही, काका,” मिलिंद म्हणाला. “बॉस्टनहून लोक ड्राइव्ह करून येतात. स्वेटर तैवानचा असतो, पण गिरणीतून घेतला म्हणून खूश.”

शहरात फ्रेंच आडनावांची कमी नाही. त्यातले बहुतेक कॅनडातून आलेले. खुद्द उत्तर फ्रान्समधून आलेली कुटुंबं थोडी, आणि ती गिरणीतल्या कसबी कामांवर. कॅनडावाले त्यांना जरा शिष्ट समजत आणि ते कॅनडावाल्यांना खेडवळ समजत. मिलिंदच्या शेजारी राहणारे लेओन देवाल हे असेच शिष्टांपैकी एक. वय सत्तर. त्यांच्या आणि मिलिंदच्या अंगणांमध्ये कमरेएवढं कुंपण आहे आणि कुंपणात एक माणूस जाईल एवढी फट.

गुरुवार

सकाळी उठलो तेव्हा यमुनावहिनी मागच्या व्हरांड्यात होत्या. हातातल्या ताटलीतून त्या मूठभर तांदूळ कठड्यावर पसरत होत्या. दोन चिमण्या, एक साळुंकीसारखा काळा पक्षी आणि एक कबूतर खाली उतरलं. कबूतर निळसर राखाडी, पंखांवर दोन काळे पट्टे, पायात कडं.

“हे रोज येतं,” वहिनी म्हणाल्या. “लांब पल्ल्याचं दिसतं. छाती बघा की कशी आहे.”

“कुणाचं तरी पाळीव असेल,” मी म्हणालो.

“पाळीव असलं म्हणून काय झालं? दारात आलेल्या पाखराला काय हाकलायचं?”

नंतर दोन दिवस या गोष्टीचा मला विसर पडला.

दहा वाजता लेओन मला गिरणी दाखवायला घेऊन गेले. वहिनीही आल्या. आतल्या एका दालनात शेवटचे चार साचे, म्हणजे सूत काढायची यंत्रं, भंगारवाल्याची वाट पाहत उभे होते. लेओन नऊ वर्षांचे असताना वडिलांबरोबर रूबेहून आले. वडील ‘म्यूल’ या प्रकारच्या साच्यावर सूत कातत. या साच्याचा पुढचा गाडा रुळांवरून पाच-सहा फूट बाहेर येतो आणि परत जातो, आणि कातणारा त्याच्याबरोबर पुढं-मागं चालत राहतो. दिवसभरात कित्येक मैल चाल व्हायची. अमेरिकेत या प्रकारची मऊ लोकर कातणारे कारागीर नव्हते आणि परदेशी कापडावर आयात कर मोठा होता. कर चुकवायचा तर कापड अमेरिकेतच काढावं असा हिशेब रूबेच्या मालकांनी केला आणि साचे व माणसं दोन्ही जहाजांत भरली.

रूबेला तिकडे ‘हजार धुराड्यांचं गाव’ म्हणत. लेओननी सांगितलेली आणि दुपारी मी सार्वजनिक ग्रंथालयात बसून पडताळलेली माहिती थोडक्यात अशी: तो सगळा मुलूख सपाट, पावसाळी, चिकणमातीचा. शेतात साखरेचं बीट, बटाटा, चिकोरी. जमिनीखाली कोळसा. कापड विणायची परंपरा मध्ययुगापासूनची. कोळसा सापडला, वाफेची यंत्रं आली आणि या परंपरेचा कारखाना झाला. कामगार सीमेपलीकडून बेल्जियममधूनही चालत यायचे. फ्रान्स म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर द्राक्षाचे मळे येतात. हे लोक मात्र बिअर पिणारे, विटांच्या बैठ्या घरांच्या रांगांत राहणारे. त्यांच्या बोलीला पॅरिसवाले हसतात. उत्तरेकडून येणाऱ्या प्रत्येक सैन्याची वाट याच मुलखातून गेली. आता तिथल्याही खाणी आणि गिरण्या बंद होत आहेत.

साच्यावर तुटलेल्या लोकरीचा एक धागा लोंबत होता. लेओननी दोन टोकं उचलली, अंगठा आणि तर्जनीत एकदा फिरवली आणि धागा अखंड केला. वहिनी पुढं झाल्या. त्यांनी तोच धागा तोडला आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत गाठ मारली.

लेओननी गाठ डोळ्यांजवळ धरली. “हिला सांगा, गाठ चांगली आहे. पण असली गाठ कापडात दिसते. आमच्याकडे हिला पहिल्या दिवशी काढून टाकलं असतं.”

मी सांगितलं.

“आणि ह्यांचा पीळ?” वहिनी म्हणाल्या. त्यांनी लेओनना दुसरा धागा तसाच जोडायला खुणावलं आणि तो हलकेच ओढला. तो सुटला. “आमच्याकडे ह्यांना दुपारच्या सुट्टीपर्यंत तरी ठेवलं असतं का विचारा.”

लेओन हसले. घरी परतेपर्यंत ते मधूनच दोन बोटं एकमेकांवर घासत होते.

लेओनची ढाबळ

अंगणाच्या टोकाला हिरव्या रंगाची लाकडी ढाबळ होती. आत एकवीस कबुतरं. उत्तर फ्रान्समधल्या गिरणी आणि खाण कामगारांचा हा जुना शौक. रविवारी ज्यांना घोड्यांच्या शर्यती परवडत नसत ते कबुतरांच्या लावत. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी तो मुलूख व्यापला तेव्हा कबूतर बाळगणं हा गुन्हा ठरला. चिठ्ठ्या जातील ही भीती. त्यासाठी मृत्यूची शिक्षाही होत असे. लेओनच्या वडिलांनी सगळी कबुतरं स्वतःच्या हातांनी मारली. युद्धानंतर सासऱ्याकडून पुन्हा एक जोडी आणली आणि तिची पिल्लं टोपलीत घालून जहाजानं इथं आणली.

“ही त्यांच्या वंशातली शेवटची,” लेओन म्हणाले आणि एक मादी हातात घेतली. निळसर राखाडी, पंखांवर दोन काळे पट्टे. पाच वर्षांची. “हिच्या अंगात दुसरं रक्त नाही. बाकीची इकडची तिकडची आहेत.”

महिनाअखेर लेओन ॲरिझोनात मुलीकडे कायमचे जाणार होते. घर विकलं होतं. नवा मालक ढाबळ पाडून गाडी ठेवायला जागा करणार होता. शर्यतीचं कबूतर दुसऱ्याला सहज देता येत नाही. कितीही दूर नेलं तरी सोडल्यावर ते जुन्या जागी परत येतं, आणि जुनी जागा नसली तर त्या आकाशात घिरट्या घालत राहतं. फक्त पैदाशीसाठी कायम कोंडून ठेवणारा कोणी घेतो, आणि तोही नाव काढलेलंच पाखरू घेतो. फॉल रिव्हर गावच्या एका कबूतरपाळकानं लेओनना शब्द दिला होता. शनिवारच्या, मोसमातल्या शेवटच्या शर्यतीत ही मादी पहिल्या तिनात आली तर तो तिला नेणार होता.

“आणि नाही आली तर?” मी विचारलं.

लेओननी दोन्ही मुठी एकमेकींजवळ धरून उलट दिशांना फिरवल्या. “बाकीची तरुण आहेत. त्यांना कोणी ना कोणी नेईल. हिला नाही. घिरट्या घालून मरण्यापेक्षा हे बरं. वडिलांनीही तेच केलं होतं.”

मग ते मादीला तराजूत ठेवत म्हणाले, “हल्ली दाणे पुरते खात नाही. वजन मात्र घटत नाही. कळत नाही मला.”

शुक्रवार

संध्याकाळी साडेपाचला मिलिंद, मी आणि लेओन त्यांच्या कबूतर शर्यतीच्या मंडळाच्या हॉलवर गेलो. भिंतीवर रूबेच्या मिरवणुकीचे फोटो होते. त्या मुलखात प्रत्येक गावाचा वेताचा एक महाकाय पुतळा असतो. आत माणसं शिरून तो नाचवतात. हे महाकाय म्हणजे गावाचे पूर्वज. त्यांची लग्नं लावतात, पाहुणे म्हणून दुसऱ्या गावचे महाकाय येतात, पुढं त्यांना मुलं झाल्याचंही जाहीर होतं. आपल्याकडे तुळशीचं लग्न लावणाऱ्यांना यात नवल वाटायचं कारण नाही.

टेबलावर तळलेल्या बटाट्याच्या जाड फोडी आणि बिअरमध्ये तीन तास शिजवलेलं गोमांस होतं. त्यात रस दाट व्हावा म्हणून मोहरी लावलेला पाव विरघळवतात आणि ब्राउन शुगर घालतात. मिलिंदनं दोनदा घेतलं. शेवटी चिकोरीची कॉफी. आमच्याकडेही कॉफीत चिकोरी घालतात म्हटल्यावर लेओननी ते शेजारच्या टेबलाला ओरडून सांगितलं. तिथल्या म्हाताऱ्यानं उठून माझ्याशी हात मिळवला.

जेवणानंतर खरं काम. प्रत्येक कबुतराच्या पायात आकडा असलेलं एक रबरी कडं चढवलं गेलं. कबुतरं टोपल्यांत घालून ट्रकमध्ये गेली. न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूजहून सकाळी सातला ती सोडायची. हवाई अंतर सुमारे दोनशे चाळीस मैल. परत आल्यावर मालकानं पायातलं रबरी कडं काढून एका कुलूपबंद घड्याळाच्या पेटीत टाकायचं आणि कळ फिरवायची. वेळ कागदावर उमटते ती तेव्हाची. कबूतर अंगणावर आलेलं दिसलं, छपरावर बसलं, याला किंमत नाही. ते आत शिरून हातात यायला हवं. म्हणून शर्यतीच्या पाखराला थोडं भुकेलं ठेवतात. मालकानं डब्यात दाणे खुळखुळवले की ते सरळ आत येतं.

हे सगळं मी वहीत टिपून घेतलं. टिपताना बुधवारपासून राहत असलेल्या घराचा कठडा मला आठवायला हवा होता. आठवला नाही.

शनिवार

शनिवारी अकरापासून लेओन, मिलिंद आणि मी ढाबळीपाशी खुर्च्या टाकून बसलो. लेओननी आम्हाला राखाडी कपडे घालायला लावले होते. अनोळखी रंग दिसला तर कबूतर बिचकतं. आकाश स्वच्छ, वारा नैर्ऋत्येचा.

बारा वाजून अठरा मिनिटांनी लेओन म्हणाले, “ती आली.”

मला काही दिसत नव्हतं. मग झाडांच्या शेंड्यांवर एक ठिपका दिसला. त्यानं पंख मिटले आणि दगडासारखा खाली आला. ढाबळीच्या वर दहा फुटांवर पंख उघडले. लेओन दाण्यांचा डबा खुळखुळवत होते. मादी ढाबळीवरून पुढं गेली, कुंपण ओलांडलं आणि मिलिंदच्या व्हरांड्याच्या कठड्यावर उतरली. तिथं सकाळचे तांदूळ होते. ती खाऊ लागली.

लेओननी एकदा कठड्याकडे पाहिलं, एकदा डब्याकडे. वजन का घटत नव्हतं हे त्यांना त्या क्षणी कळलं असावं.

“मी जाऊन पकडू?” मिलिंद उठला.

“बस. उडाली तर संध्याकाळपर्यंत छपरावर बसेल.”

चार मिनिटं गेली. लेओनचा डबा चालूच होता. स्वयंपाकघराच्या खिडकीत यमुनावहिनींचा चेहरा दिसला. त्यांनी कठड्यावरच्या पाखराकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि खिडकीतून दिसेनाशा झाल्या. मग मागचं दार सावकाश उघडलं. हातात तीच ताटली होती. अंगावर मिलिंदचा राखाडी रेनकोट, साडी पूर्ण झाकलेली. मादीकडे न बघता वहिनी पायऱ्या उतरल्या. एक चिमूट तांदूळ पायरीवर, एक गवतावर, एक कुंपणाच्या फटीत. मादी कठड्यावरून खाली उतरली आणि त्यांच्यामागून चालत, टिपत निघाली. वहिनी एकदाही वळल्या नाहीत. ढाबळीच्या फळीवर त्यांनी उरलेली मूठ ओतली आणि बाजूला झाल्या. मादी फळीवर उडाली, आत शिरली.

लेओननी कडं काढून पेटीत टाकलं, कळ फिरवली. बारा वाजून अठ्ठावीस मिनिटं.

संध्याकाळी हॉलवर पेट्या उघडल्या. प्रत्येकाच्या ढाबळीचं अंतर वेगळं, म्हणून मिनिटाला किती यार्ड या हिशेबानं क्रम लावतात. लेओनची मादी सातवी आली. मी तिची वेळ दहा मिनिटं अलीकडे घेऊन गणित करून पाहिलं. ती पहिली आली असती.

फॉल रिव्हरचा कबूतरपाळक सरळ माणूस होता. “पाखरू वेगवान आहे, लेओन. पण घरी येऊन बाहेर बसणारं मी ठेवत नाही. पिल्लंही तशीच निघतात.”

तांदळाची हकीकत सांगावी म्हणून मी तोंड उघडलं. लेओननी माझ्या कोपरावर हात ठेवला. “शेजारणीचं नाव इथं घ्यायचं नाही,” ते हळू आवाजात म्हणाले. “आणि तो म्हणतो ते खरंच आहे. बसली तर ती बाहेर.”

रविवार

सकाळी मिलिंदनं आईला सगळं सांगितलं. ते सांगावं की नाही यावर त्याची आणि माझी आधी अर्धा तास चर्चा झाली होती. वहिनींनी चहा बाजूला सारला.

“मान मुरगाळणार?”

“त्यांच्याकडे तशी रीतच आहे, आई.”

“आणि त्याला दाणे घालू नका असं मला महिनाभर कुणी बोललं नाही. चला.”

वहिनी कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेल्या. आम्ही मागोमाग. लेओन ढाबळीत पाणी बदलत होते.

“ह्यांना सांग, पाखरू आम्हाला द्या,” वहिनी मिलिंदला म्हणाल्या.

मिलिंदनं सांगितलं. लेओननी मान हलवली. शर्यतीचं पाखरू देता येत नाही, ते जुन्या जागीच परत जातं, हे त्यांनी पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगितलं. मिलिंदनं त्याचं भाषांतर केलं. वहिनी शेवटपर्यंत ऐकून घेत होत्या.

“हे मला नका सांगू म्हणावं. दोनशे चाळीस मैलांवरून आली आणि कुठं उतरली? ह्यांच्याकडे का माझ्याकडे? त्याच्यावरूनच तर शर्यत गेली ना?”

मिलिंद भाषांतर करायला कचरला. ते काम मी केलं. लेओन ढाबळीच्या पायरीवर बसले. बराच वेळ ते कुंपणापलीकडच्या कठड्याकडे बघत होते.

“तांदूळ बंद,” ते अखेर म्हणाले. “मका, वाटाणा, थोडे गहू. दिवसातून दोनदा, वेळेवर.”

“आई, एक मिनिट,” मिलिंद मराठीत म्हणाला. “तू सप्टेंबरमध्ये परत जाणार. मी साडेसहाला घर सोडतो. कोण बघणार यार हे सगळं? तिकीट कॅन्सल करणारेस का?”

“मी साताच्या पाळीला जात होते. तू उपाशी मेलास का?”

मिलिंदनं मग लेओनना विचारलं, कबुतरासाठी पेटी केवढी लागेल, कुठल्या दिशेला तोंड हवं. लेओन घरात जाऊन पट्टी घेऊन आले. आग्नेयेला तोंड, सकाळचं ऊन पडेल असं. मादी दोन आठवडे आत कोंडायची, जाळीतून नवी जागा दिसेल अशी, मग सोडायची. सोबतीला तिचा नरही देतो, असं त्यांनी न विचारता सांगितलं. दुपारभर लेओन आणि मिलिंद व्हरांड्यात ठोकाठोक करत होते. वहिनी खिळे धरून उभ्या होत्या आणि लेओनचा खिळा वाकडा गेला की मराठीत तसं सांगत होत्या. लेओन त्यांना फ्रेंचमध्ये उत्तर देत होते.

सोलापूर

सोमवारी मी तिथून निघालो. मिलिंदचं पत्र ऑगस्टच्या अखेरीस आलं. लेओन ठरल्याप्रमाणे ॲरिझोनाला गेले. दुसऱ्याच आठवड्यात ढाबळ पाडली, जागा सपाट केली आणि डांबर घातलं. दोन आठवडे पुरे झाल्यावर एका सकाळी वहिनींनी जाळी उघडली. त्या दिवशी संध्याकाळी लेओनचा फोन आला. त्यांनी तब्येत विचारली नाही, नराबद्दल विचारलं नाही. मादी सुटल्यावर आधी जुन्या जागेवर गेली होती का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं.

मिलिंदनं रिसीव्हरवर हात ठेवून आईला विचारलं, काय सांगू. वहिनी म्हणाल्या, “सांग, जुन्या जागेवर तीन फेऱ्या मारल्या. मग आली.”

त्यानं तसं सांगितलं. मग लेओन म्हणाले, तीन म्हणजे बरोबर आहे, आणि फोन ठेवला.

पत्रात मिलिंदनं खरं काय झालं तेही लिहिलं आहे. मादीनं जाळीतून उडून घरावर एक वळसा घेतला आणि सरळ कठड्यावर येऊन बसली. डांबराकडे ती फिरकलीही नाही. लेओनना मराठी येत नाही, म्हणून मी ते इथं लिहितो आहे.